निळा टब

साळुबाईचा खुबा मोडला, ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरांनी बजावलं की रोज कोमट पाण्यात बसून पाय हलवत राहायचं. घोडेगावच्या नव्या घरातलं न्हाणीघर ऐसपैस होतं. भरतनं मनावर घेतलं आणि आईला नि बायकोला, आरतीला, जीपमध्ये बसवून मंचरला फतेचंदशेठच्या दुकानात नेलं.

फरशा नि बेसिनांच्या गर्दीतून वाट काढत शेठजी त्यांना मागच्या शेडमध्ये घेऊन गेले. तिथं टब ओळीनं मांडले होते. न्हाणीतल्या गुलाबी फरशीला कुठला शोभेल, ते आरती बघत होती. भरत टेप लावून मापं घेत होता. साळुबाई मात्र मडकं घेताना वाजवावं तशी प्रत्येक टबावर टिचकी मारत चालली होती.

"आजी, फायबर आहे, फुटत नाही," फतेचंद हसले. "आत बसून बघा की."

पांढऱ्या टबाची कड तिला उंच पडली. दुसरा निसरडा वाटला. फिक्या निळ्या टबाला धरायला दोन्हीकडं दांडे होते. आरतीनं हात दिला. साळुबाई आत बसली, मग लुगडं सावरून चक्क आडवी झाली आणि तिनं डोळे मिटले. बराच वेळ उठेचना.

"आत्या, उठताय ना?"

"गप. ऐकू येतंय."

"काय?"

"तुझं मामंजी. वासं काढत्यात."

आरतीच्या अंगावर काटा आला. सासऱ्यांना, धर्माजींना, तिनं फक्त फोटोत पाहिलं होतं. धरणात पाणी अडवलं त्या वर्षी, गाव रिकामं झाल्यावर, ते जुन्या घराचे सागवानी वासे काढायला एकटेच माघारी गेले होते. पाणी अचानक चढलं. वासे तरंगत काठाला लागले. धर्माजी सापडलेच नाहीत.

"ह्योच घ्या," साळुबाई म्हणाली. भरतला पांढरा हवा होता, पण आईचा चेहरा बघून त्यानं निळाच टेम्पोत चढवायला सांगितला.

मग रोज दुपारी आरती टब भरायची, सासूला आत बसवायची आणि दाराबाहेर थांबायची. सुरुवातीला नुसतं पाणी डुचमळायचं. मग बोलणं ऐकू यायला लागलं. "आता सोडा की तो वासा. लाकडं काय, परत मिळत्याल." मधे उत्तराला जागा सोडावी तशी शांतता, आणि पुन्हा साळुबाई.

आरतीनं भरतला सांगितलं.

"बोलू दे की," तो म्हणाला. "पाय सुधारतोय का न्हाई?"

पाय सुधारत होता. काठीशिवाय ती अंगणात जायला लागली होती.

एका दुपारी साळुबाईनं आतून हाक मारली. टबातून बाहेर येऊन, लुगडं नेसून ती स्टुलावर बसली होती.

"आरते, मला आज नीट उमजंना. तू कान पाण्याखाली घालून बघ."

"आत्या, मला नाही..."

साळुबाईनं तिचं मनगट धरलं ते सोडलंच नाही. शेवटी आरती साडीनिशी टबात उतरली, डोकं मागं टाकलं. पाणी अजून ऊन होतं. कान बुडाले तशी बोअरच्या मोटरची घरघर आली, आणि आपल्याच छातीचे ठोके. दुसरं काही नाही.

ती वर आली. साळुबाई वाकून तिच्या तोंडाकडं बघत होती. "काय म्हनलं?"

काहीच नाही, असं त्या तोंडावर सांगवेना. "विचारत होते... पाय कसा आहे."

साळुबाई थिजली. "पाय? पाय आत्ता मोडला. म्या तर न्हाई सांगितलं. त्यांना कुनी सांगितलं?"

आरती खाली बघून ओला पदर पिळायला लागली.

"म्हंजी दिसतंय त्यांना," साळुबाई हळूच म्हणाली. तिचे डोळे भरून आले. "मला वाटायचं, तिथंच अडकलं. म्हंजी आपल्या मागनं आलं व्हय घरी."

त्या दिवसापासून ती टबात बोलायची थांबली. नुसती अंघोळ करून, केस पुसत बाहेर यायची, आणि रात्री गाढ झोपायची.

झोप उडाली ती आरतीची. पायाचं आपण मनानं रचून सांगितलं, एवढं तिला ठाऊक होतं. पण सांगायला दुसऱ्या शंभर गोष्टी असताना नेमकं तेच तोंडात कसं आलं, ते तिला कळत नव्हतं. ती आता बादलीतल्या पाण्यानं अंघोळ करते, दार किलकिलं ठेवून, टबाकडं पाठ न करता.