न केलेल्या कामाचे पंचवीस गुण

मंठाळहून बसवकल्याणला जाणाऱ्या सकाळच्या बसमध्ये दहावीतल्या दोन मुली एकाच बाकावर बसल्या होत्या, स्नेहा आणि पंचशीला. दोघींनी शाळेत खाद्यप्रक्रिया हा विषय घेतला होता. वीस दिवस एखाद्या दुकानात किंवा कारखान्यात काम शिकायचं, मालकानं गुणपत्रक भरायचं आणि ते गुण दहावीच्या निकालात धरायचे, अशी सोय. दोघींना लिंगराज अप्पांचं कडक भाकरीचं केंद्र मिळालं होतं. पंचशीलाला पुढं बीदरला याच कामाचा डिप्लोमा करायचा होता, तेव्हा हे गुण तिला हवेच होते.

लिंगराज अप्पा म्हणजे बडं प्रस्थ. बसवजयंतीला समतेवर तासभर बोलायचे आणि स्वतःच्याच बोलण्यानं त्यांचे डोळे भरून यायचे. असल्या माणसांचे डोळे भरायला वेळ लागत नाही. त्यांनी दोघींची आडनावं विचारली. स्नेहाला पीठ मळायला आत पाठवलं. पंचशीलाला पायरीवरच थांबवलं.

"पोरी, तू कामून तकलीफ घ्यायलीस? घरी बसून अभ्यास कर. वीस दिवसांनी ये, पंचवीसपैकी पंचवीस देतो."

"पण अप्पा, मला काम शिकायचंय."

"मला काय न्हाई गं त्याचं. गिऱ्हाईक नावं ठेवतंय."

वा रे मोठं मन! पूर्वी हाकलून द्यायचे, आता पैकीच्या पैकी गुण देऊन हाकलतात. दलित पोरीचा हात पिठाला लागू नये म्हणून दिलेली ही लाच, आणि वर उदारपणाचा टेंभा!

शाळेत विजयश्री मॅडमना तिनं सगळं सांगितलं. त्या हसल्या. "नशीबवान आहेस बाई. बाकीच्या पोरी चुलीपुढं भाजून निघायल्यात." त्यांना फाईल पूर्ण हवी होती, बाकी जग बुडालं तरी चालणार होतं. घरी आई शकुबाईही तेच म्हणाली, "घे की गं. लोकं मार्कासाठी रडायलेत." शकुबाईला मात्र दोष देववत नाही. उंबऱ्याबाहेर थांबायचं, हे तिला लहानपणापासून शिकवलं गेलं होतं.

तरी पंचशीला रोज गेली. रोज काम मागितलं, रोज नकार घेतला आणि पायरीवर बसून आतल्या बायांचे हात बघत राहिली. गिऱ्हाईक तिला वळसा घालून आत जायचं आणि भाकऱ्यांची चळत घेऊन बाहेर पडायचं.

विसाव्या दिवशी लेकीनं घोळ घालू नये म्हणून शकुबाईही सोबत आली. अप्पांनी गुणपत्रक बाहेर आणलं. त्यावर पंचवीस लिहिलेले होते.

"हे खोडा, अप्पा," पंचशीला म्हणाली. "शून्य लिवा. मी काम केलंच न्हाई. अन् शेऱ्यात लिवा, मला आत कामून घेतलं न्हाई ते."

दारातली गिऱ्हाइकं थबकली.

"येडी हाईस का? साल वाया जाईल तुझं!"

"जाऊ द्या. लिवा."

समतेवर तासभर बोलणाऱ्या माणसाला एक ओळ लिहिता येईना. पेन कागदावर टेकलं, उचललं, पुन्हा टेकलं. जे बोलायला जीभ धजावते ते लिहायला हात धजावत नाही, असला हा भेकडपणा. शेवटी अप्पा शकुबाईकडं वळले. "अक्का, तुमी तरी समजावा हिला."

शकुबाईनं दारातून आत बघितलं. स्नेहा भाकरी थापत होती. शकुबाई अप्पांकडं वळली.

"तिला समजलंय, अप्पा," ती म्हणाली. "तुमी लिवा."

अप्पांनी लिहिलं नाही. मायलेकी कागद न घेताच बसस्टँडकडं चालू लागल्या.

निकाल लागला. बाकी सगळ्या विषयांत पंचशीला पास झाली, या एकात नापास. स्नेहा डिप्लोमा करायला बीदरला गेली. विजयश्री मॅडमनी पंचशीलाला बोलावून विचारलं, "पंचवीस गुण घेतले असतेस तर काय बिघडलं असतं?"

"माझं काय न्हाई बिघडलं असतं, मॅडम. पुढच्या साली आमच्या गल्लीतल्या तीन पोरी हाच विषय घ्यायल्यात. त्यांना बी असंच घरी बसवलं असतं."

मॅडम उगाच फाईल चाळू लागल्या. पंचशीलानं पुन्हा परीक्षेला बसायचा अर्ज पुढं ओढला आणि काम शिकण्याच्या ठिकाणाच्या रकान्यात ठळक अक्षरात लिहिलं, लिंगराज अप्पांचं भाकरी केंद्र.