बुनरुअन मावशींच्या चिठ्ठ्या

ज्याला वाचता येत नाही त्याच्याबद्दल काहीही लिहिता येतं, या एका भरवशावर बुनरुअन मावशींची अकरा वर्षं सुखात गेली होती.

थायलंडमधल्या उदोन थानीत तळ्यामागच्या रस्त्यावर कियत शेठचा ‘चान याय’ नावाचा गाण्याचा हॉल आहे. संध्याकाळी सहाला दार उघडतं, सातच्या आत बँड सुरू होतो. इथलं गिऱ्हाईक व्हिस्कीची अख्खी बाटली घेतं, अर्धी पितं आणि उरलेली हॉलच्या कपाटात ठेवून घरी जातं. पुन्हा येईल तेव्हा बाटली तिथेच हवी, आणि त्याचीच हवी. हे कपाट मावशींचं. म्हणजे कपाट शेठचं, पण किल्ली मावशींच्या कमरेला, त्यामुळे शेठलासुद्धा स्वतःची बाटली मागून घ्यावी लागे.

थाई गिऱ्हाइकाची बाटली सोपी. चिठ्ठीवर नाव, खाली फोन नंबर, वर चिकटपट्टी. घोळ होता तो फरांगांचा. थाई बायका करून या गावात मुरलेले गोरे पेन्शनर बक्कळ, आणि त्यांची नावं अशी की मावशींना ऐकू आली तरी लिहिता येत नसत. कुणी लिहिलीच, तर दुसऱ्या दिवशी वाढणाऱ्या पोरींना ते नाव कुठल्या तोंडाला लावायचं ते कळत नसे. म्हणून मावशींनी नाव लिहायचं सोडलं आणि माणूस लिहायला सुरुवात केली.

‘उकडलेली कोळंबी. टोपी घालत नाही.’ ‘मिरची चालते म्हणतो. चालत नाही.’ ‘भेटेल त्याला हात जोडतो, पंख्यालासुद्धा.’ ‘बायको बरोबर असेल तर पहिल्यांदाच आलाय.’ कपाटात अशा एकतीस बाटल्या होत्या. कुठलाही फरांग दारात दिसला की तो खुर्चीत टेकायच्या आत त्याची बाटली टेबलावर हजर. पलीकडच्या गल्लीतल्या झगमगीत क्लबात फरांगाला दारातच तिकीट फाडावं लागे, थाई माणूस मात्र फुकट आत. ‘चान याय’मध्ये तिकीट नव्हतं. इथे फरांगाकडून फक्त वर्णन घेतलं जाई, तेही त्याच्या नकळत.

त्या गुरुवारी दुपारी चार वाजता वाढपिणींची म्होरकी तुकता आत आली.

“मावशी, बसा जरा.”

“बसलेलीच आहे.”

“मग धरून बसा. विलाय बाईंनी आज फरांगांना गृहपाठ दिलाय.”

विलाय बाई म्हणजे निवृत्त शाळामास्तरीण. देवळाच्या ओसरीवर त्या फरांगांना थाई अक्षरं शिकवत. मावशींना या उपद्व्यापाची कल्पना होती. पण चाळीस वर्षांत बाईंच्या हाताखालून थाई पोरंच जेमतेम वाचायला शिकली, तिथे फरांग काय शिकणार, असा त्यांचा हिशेब होता.

“संध्याकाळ जिथे घालवता तिथलं काहीतरी वाचून दाखवा, असा गृहपाठ आहे,” तुकता म्हणाली. “बाई स्वतः येणार आहेत तपासायला.”

“मेनू वाचतील.”

“मेनूवर फोटो आहेत, मावशी. आणि तो लांब्या म्हणाला, त्याला कपाट वाचायचंय.”

लांब्या म्हणजे प्रेबेन. डेन्मार्कचा, बोटींची इंजिनं दुरुस्त करून निवृत्त झालेला. सहा वर्षं दर मंगळवारी आणि गुरुवारी येत होता. त्याच्या बाटलीवर काय लिहिलंय ते मावशींना पाठ होतं, आणि ते आठवताच त्यांनी खरोखरच खुर्ची धरली.

बातमी शेठपर्यंत पोचायला दोन मिनिटं लागली. फरांगांची जमात एकमेकांना फोनवर सगळं कळवते. एक दुखावला की पुढच्या आठवड्यात तीस जण समोरच्या हॉलात बसलेले दिसतात, हे शेठला ठाऊक होतं. शिवाय शेठचा भाचा पोंग सहा महिने त्याच्या कानाशी लागला होता, की बाटल्यांना नंबर द्या, यादी फोनमध्ये ठेवा, जग कुठे चाललंय.

कियत शेठ कधी रागवत नसे. तो हसे. गोष्ट जितकी वाईट तितकं हसू रुंद. आज त्याची दाढही दिसत होती.

“मावशी, फरांगांच्या चिठ्ठ्या काढून टाका. नंबर लावा. पोंग यादी करेल.”

“पोरींना बाटल्या सापडायच्या नाहीत, शेठ.”

“सापडतील. आणि मावशी, आज एका जरी फरांगाची तक्रार आली ना, तर किल्ली पोंगकडे.”

“आणि मी?”

“तुम्ही बर्फाकडे बघा,” शेठ आणखी रुंद हसून म्हणाला.

मावशींना बर्फाचं वावडं नव्हतं. पण बर्फ हा सगळा एकसारखा, त्याच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नसतं. घरी त्या एकट्या होत्या. बोलायला टीव्ही होता, तो ऐकून घेत नसे. दिवसभरात माणसं पाहायची आणि दोन ओळींत बसवायची, एवढी एकच चैन त्यांनी स्वतःला लावून घेतली होती. त्यांनी गरम फडक्याने एकेक चिठ्ठी सोडवली आणि तिथे नंबर चिकटवले. मग अंगणातल्या भूमिदेवतेच्या देव्हाऱ्यापुढे लाल सरबताची बाटली नळी घालून ठेवली आणि देवालाही परिस्थिती समजावून सांगितली.

एक बाटली तेवढी वाचली. विमाकंपनीतून निवृत्त झालेल्या जेफ्री नावाच्या इंग्रज साहेबाची. पहिल्याच दिवशी त्याने एका बाजूला थाईत नाव छापलेलं कार्ड काढून दिलं होतं. मावशींनी तेच चिकटवलं होतं. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं.

सहाला वर्ग आला. पुढे पंखा हलवत विलाय बाई, मागे पाच फरांग, प्रत्येकाच्या काखेत वही. बाहेर तळ्यावर अजून ऊन होतं. भाजलेल्या डुकराच्या मांसाचा आणि पपईच्या कोशिंबिरीचा वास हॉलभर फिरत होता.

पोंग फोन घेऊन तयारच उभा होता. “नाव?” त्याने स्विस रुएदीला विचारलं. रुएदीने सांगितलं. पोंगने ते फोनमध्ये घातलं, यादी म्हणाली असा माणूस नाही. पोंगने वेगळ्या मात्रा लावून पाहिलं. तरीही नाही. मघाशी त्याने ते नाव नक्की कसं लिहिलं होतं ते आता त्याला आठवेना.

“त्याला विचार, नंबर काय ते,” शेठ म्हणाला.

“त्याला कसा माहीत असेल, मामा? आजच तर दिलाय.”

“मग दे कुठलीतरी.”

रुएदीपुढे कुणाची तरी रम आली. त्याने ती भेट समजून उभं राहून आभार मानले. मिरची न चालणाऱ्या ऑस्ट्रेलियनाला तिखट कोशिंबीर गेली, कारण ती नेऊ नये असं आता कुठेच लिहिलेलं नव्हतं. तुकता रिकामे हात घेऊन मावशींसमोर आली.

“कोळंबीची कुठली?”

“चौदा,” मावशी ओठ न हलवता म्हणाल्या. “आणि त्या ऑस्ट्रेलियनाला दूध दे.”

तेवढ्यात प्रेबेन उठला. चष्मा चढवला, वही काखेत घट्ट केली आणि कपाटासमोर जाऊन उभा राहिला. मागून बाकीचा वर्ग आला. विलाय बाईंनी पंखा मिटला. शेठ हसत हसत जवळ आला.

प्रेबेनने काचेतून आपली बाटली शोधली. गळ्याशी कोपरा उडालेली, ती तो हजारांत ओळखत असे. त्याने वाकून पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं.

“मावशी,” तो पहिलीच्या पुस्तकातल्यासारखं सावकाश म्हणाला, “ही बाटली आहे. ही माझी बाटली आहे. माझी चिठ्ठी कुठे आहे?”

“आता नवी पद्धत आली आहे, साहेब,” शेठ मध्ये पडला. “आधुनिक.”

“मी सहा वर्षं चिठ्ठी पाहिली. तीन ओळी होत्या. माझं नाव एक ओळ आहे. दोन ओळी काय आहेत? मी आठ महिने अक्षरं शिकलो. चव्वेचाळीस व्यंजनं शिकलो.” त्याचा आवाज खाली गेला. “आता सतरा आहे. सतरा मला आधीपासून येतं.”

मावशींनी शेठकडे पाहिलं. हसू कानापर्यंत गेलं होतं. किल्ली तर जाणारच होती. जायचीच तर निदान खोटं बोलून कशाला घालवायची, असं त्यांच्या मनात आलं.

“मी काढली,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला वाचता यायला लागलं म्हणून.”

प्रेबेनने हे वाक्य मनातल्या मनात दोनदा लावून पाहिलं. “वाईट लिहिलं होतं?”

“पोरींसाठी लिहिलं होतं.”

“परत लिहा.”

“मावशी,” शेठ पुटपुटला, “नाव लिहा, नाव.”

पण मावशींनी पेन काढलं होतं. एकदा पेन हातात आलं की त्यांना दुसरं काही सुचत नसे. तीन ओळी लिहून त्यांनी चिठ्ठी प्रेबेनच्या हातात दिली.

तो बोट ठेवून वाचू लागला. “उं-च.” बाईंनी मान डोलावली. “का-न मो-ठे.” वर्गातल्या कुणीतरी त्याच्या कानांकडे पाहिलं. “ना-च-तो.” प्रेबेन ताठ झाला, वळून सगळ्यांकडे अभिमानाने पाहिलं आणि पुढच्या शब्दावर गेला. “फा-र. वा… वा-ई…”

“घाई नको,” बाई म्हणाल्या. “मात्रा बघ.”

“वाईट. फार वाईट नाचतो.”

बँडवाल्यांनी वाद्यं जुळवणं थांबवलं. तुकता छताकडे बघत होती. प्रेबेनचं बोट मात्र तसंच पुढे सरकलं. इंजिनवाला माणूस, काम अर्धं टाकायची सवय नाही. “थां-ब-वा-य-चं ना-ही. टे-ब-लं स-र-क-वा.”

त्याने चिठ्ठी खाली केली. “टेबलं कोण सरकवतं?”

“मी,” तुकता म्हणाली. “मंगळवारी तीन, गुरुवारी चार. गुरुवारी तुमचा उत्साह जास्त असतो.”

“मला वाटायचं,” प्रेबेन म्हणाला, “तिथे जागाच आहे.”

आणि तो हसायला लागला. अंगाने मोठा माणूस, त्यामुळे हसणं सगळीकडे पोचायला वेळ लागला. आधी खांदे, मग पोट, मग कपाटाची काच थरथरली. वर्गाला त्याने इंग्रजीत अर्थ सांगितला तसा वर्गही फुटला. रुएदीने रम खाली ठेवली आणि वही उघडून मावशींसमोर धरली. त्याला स्वतःची हवी होती. ऑस्ट्रेलियन डोळे पुसत रांगेत उभा राहिला. ते हसण्याचं पाणी की कोशिंबिरीचं ते सांगता आलं नसतं. मावशी आठवणीतून भराभरा लिहीत गेल्या. कोळंबी वाचून रुएदीने आपल्या दंडाकडे पाहिलं आणि पटल्याची मान हलवली.

शेठचं हसू जरा आखूड झालं, म्हणजे परिस्थिती सुधारत होती. एवढ्यात विलाय बाईंनी घसा खाकरला.

“कियत शेठ, जेफ्री साहेबांना तक्रार करायची आहे.”

हसू परत रुंद झालं. पोंगने आपसूक हात पुढे केला. जेफ्री साहेब कपाटासमोर उभा होता, आपल्या छापील नावाकडे बघत. तो बाईंना हळू आवाजात काहीतरी सांगत होता आणि बाई थाईत करून देत होत्या.

“म्हणतात, सगळ्यांना मावशींनी निरखलं. मला सहा वर्षांत कुणी पाहिलंच नाही. म्हणतात, विमाकंपनीतही असंच झालं होतं.”

ही तक्रार नियमात बसते का, याचा शेठने विचार केला. बसत होती. “मावशी,” तो कळवळून म्हणाला, “लिहा ना काहीतरी. काहीही.”

“काहीही कसं लिहू, शेठ? बघितल्याशिवाय?” मावशींना खरोखर अपराधी वाटत होतं. नाव होतं म्हणून त्यांनी या माणसाकडे लक्षच दिलं नव्हतं. “साहेब, चालून दाखवा.”

जेफ्री साहेब चालला. लोक चालतात तसाच चालला.

“बसा.” बसला. नीटच बसला. “खा काहीतरी.” चमच्याने भात खाल्ला, सांडला नाही. मावशींच्या कपाळावर घाम आला. अकरा वर्षांत असा कठीण माणूस त्यांना भेटला नव्हता. पोंगचा हात अजून पुढेच होता.

शेठने बँडला खूण केली, निदान शांतता तरी नको म्हणून. गाणं सुरू झालं. गाणारी गात होती चांगली. शेवटच्या कडव्याला आली, श्वास घेतला, आणि जेफ्री साहेबाने मनापासून टाळ्या वाजवल्या. ती थांबली, तिने वाकून हात जोडले. बँडने गाणं आवरतं घेतलं.

“शेवटचं कडवं कुठे गेलं?” मावशींनी विचारलं.

“गुरुवारी ते नसतंच,” ढोलकवाला म्हणाला. “साहेब इतक्या आनंदाने वाजवतात, मग कसं गायचं? सहा वर्षं झाली.”

मावशींनी पेन उचललं.

लिहून होताच विलाय बाईंनी चिठ्ठी वाचायला घेतली, पण जेफ्री साहेबाने तिच्यावर हात ठेवला. त्याला वर्गात येऊन तीन आठवडे झाले होते आणि सात अक्षरं येत होती. तो बाईंशी थोडं बोलला.

“म्हणतात, स्वतः वाचणार. कुणी सांगायचं नाही. आणि वाचून होईपर्यंत तक्रार मागे घेतलेली नाही, पण केलेलीही नाही.” बाईंनी चिठ्ठीवरची शेवटची ओळ पाहिली. “या मात्रा आपल्या वर्गात नोव्हेंबरात येतात.”

“मामा, मग किल्लीचं—” पोंग म्हणाला.

“नोव्हेंबरात बघू,” शेठ म्हणाला. “तू टेबलं सरकव.”

कारण बँडने दुसरं गाणं धरलं होतं आणि प्रेबेन उठला होता. आता सगळ्यांना माहीत असल्यामुळे तो नेहमीपेक्षा जास्त वाईट नाचला. शेवटच्या कडव्याआधी टाळ्या पडल्या, पण या वेळी गाणारी मावशींकडे बघत पुढे गातच राहिली, आणि जेफ्री साहेबाने गाणं संपल्यावर पुन्हा वाजवल्या.

शेठ कपाटाशी आला. त्याने काचेतून आत पाहिलं. वरच्या खणात त्याची स्वतःची बाटली होती.

“मावशी, माझ्यावर काय लिहिलंय?”

“नाव, शेठ. आणि फोन नंबर.”

“एवढंच?”

“एवढंच.”

शेठ थोडा वेळ तिथेच घुटमळला. मग काहीच काम नसताना तो मावशींच्या समोरून सावकाश दोनदा ये-जा करून गेला.