खणणाऱ्याचं नाव

आमच्या ह्यांची, म्हणजे बहात्तर साली निवृत्त झालेल्या हेडमास्तर वामनरावांची, एकच हौस उरली होती. अजब बंगल्यात, म्हणजे म्युझियममध्ये, काचेच्या कपाटात आपल्या नावाची चिठ्ठी लागावी.

त्यासाठी सावनेरजवळच्या नाल्यात भर उन्हात खणून त्यांनी एक दगड आणला. त्यावर पानाचा ठसा होता. खणताना दगडाच्या दोन फाका झाल्या, ठसा दोन्हींवर. ठसठशीत फाक चोराला ओळखू येऊ नये म्हणून ह्यांनी मागच्या अंगणात माझ्या पाट्या-वरवंट्यांच्या रांगेत उभी केली. अंधुक फाक आरामखुर्चीच्या आखूड पायाखाली सारली. डोकं बघा!

म्युझियमचे साहेब दगड न्यायला आले. दाखवून मोकळं व्हावं की नाही? छे! खुर्चीत बसून ह्यांचं व्याख्यान सुरू.

"फॉसिल शब्द लॅटिनमधला, साहेब. अर्थ, खणून काढलेलं. पूर्वी जमिनीतून निघालेल्या कशालेही फॉसिल म्हणत. कोळसा, हिरा..."

"मंग रताळंही?" मी चहा ठेवत विचारलं.

"त्या काळी असंल," हे चिडले. "मुद्दा काय, जो खणून काढते त्याचं नाव लागते."

मागून टक्‌ टक्‌ आवाज येत होता. ह्यांचं लक्ष कुठलं असायला!

चहा संपेस्तोवर भीमाबाई छिन्नी-हातोडी घेऊन पुढे आली. दरवर्षी ती येते आणि भिंतीशी टेकलेल्या सगळ्या गुळगुळीत पाट्यांना टाकी लावून पुन्हा खरबरीत करते. विचारत नाही.

"झालं वं बाई. एका पाट्यावर पानाचा कचरा चिकटून होता. तोही साफ करून देल्ला."

हे पांढरेफटक पडले. "गेलं माझं कपाट," म्हणाले, आणि डोळ्यांत पाणीच आलं. मलाही फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण रडत बसून काय होणार?

"उठा," मी म्हटलं.

"काहून?"

"तुमच्याखालून खणून काढाचं आहे."

ह्यांना काही उमगेना, म्हणून बसूनच राहिले. मी उलथनं घालून दगड ओढला. खुर्ची कलली आणि हे थेट साहेबांच्या मांडीवर! पदराने धूळ पुसली तर खालून पान निघालं, शिरांसकट.

साहेबांनी ह्यांचाच नियम लावला. कपाटात आता माझ्या नावाची चिठ्ठी आहे: 'शोधक, सौ. रंभाबाई.'

हे दर रविवारी तिथं जातात आणि कपाटासमोर उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "खुर्ची माझी होती."