सगळ्यांचं चाडं

मित्रांनो, मी एक जुना नमुना आहे, चाड्याचा नमुना. तुमच्यातल्या पेठेत वाढलेल्या मुलांना चाडं माहीत नसेल, म्हणून आधी तेवढं सांगून टाकतो. कुरी हे बैलांनी ओढायचं पेरणीचं औत. तिच्यावर बसवलेला लाकडी वाडगा म्हणजे चाडं. त्याच्या तळाला तीन भोकं असतात आणि भोकांना नळे जोडलेले असतात. मागून चालणारी बाई मुठीने त्यात बी सोडत जाते आणि ते नळ्यांतून उतरून तीन तासांत, म्हणजे मातीतल्या सरींत, पडतं. दिसायला एवढंसं, पण गावाची वर्षाची भाकरी त्याच्यावर असते. कुणालाही चाडं करायचं झालं, तर त्याने माझ्याकडे बघून माप घ्यायचं, यासाठी मला घडवलं होतं.

मला घडवलं आकाराम सुताराने. जत तालुक्यात, कर्नाटकाच्या शिवेला लागून त्याचं गाव. मेंढरं, कोरडवाहू शाळू ज्वारी आणि वर रखरखीत आभाळ, एवढीच तिथली दौलत. आकारामचा हात चांगला म्हणून आसपासच्या गावांतले सुतार माप न्यायला यायचे. दरवेळी कुणाच्या तरी कुरीवरचं चाडं उतरवून आणावं लागे. त्याला कंटाळून अडुसष्ट साली त्याने बाभळीच्या गाभ्यातून मला कोरून काढलं आणि मेटाच्या तोंडाशी खुंटीला टांगलं. मेट म्हणजे त्याची कामाची झोपडी.

त्या खुंटीचा एक रिवाज होता. ज्याला हवं त्याने मला न्यावं, माप घ्यावं आणि आणून टांगावं. कुणाला माझ्यात काही सुधारावंसं वाटलं, तर ती सुधारणा माझ्याच अंगावर करावी आणि काठावर एक खाच पाडावी. म्हणजे पुढच्या माणसाला कळे की इथे नवं काही झालंय, नीट बघून घे. खाचेपाशी नाव घालायची पद्धत नव्हती. नाव घालणं म्हणजे टेंभा मिरवणं, असं त्या लोकांना वाटायचं. शहाणी माणसं कधीकधी किती भोळी असतात बघा!

पाटणचा नाथाजी सुतार खिलार खोंड घ्यायला आमच्या बाजूला आला होता. खोंड राहिला बाजूला, आणि तो मलाच मांडीवर घेऊन बसला. "भोकाचं तोंड सरळ हाय गड्या, बी खेटून बसतंय. जरा पसरट कर," म्हणाला, आणि आकारामची कानस मागून घेऊन त्याने स्वतःच तिन्ही भोकं पसरट केली. एक खाच पाडली, भाकरी खाल्ली आणि खोंड घेऊन गेला.

माझ्या पोटातली मुख्य गोष्ट मात्र सुताराची नव्हे. ती हरणाबाईची. हरणाबाई धनगराची, नवरा गेलेला, तीन एकर उताराचं रान आणि थोडी मेंढरं. एका पेरणीला ती तरातरा मेटात आली आणि म्हणाली, "आकारामा, उताराला कुरी कलली की समदं बी खालच्या नळ्यात जातंय. वरचं तास उपाशी आन् खालचं तुडुंब. भोकाभोकाच्या मदी भिताडं घाल की रं बारकी."

आकाराम तिच्याकडे बघतच राहिला. तीन पिढ्या सुतारकी करून घरात कुणाला हे सुचलं नव्हतं. त्याने माझ्या पोटात बोटभर उंचीच्या भिंती बसवल्या. मग पटाशी तिच्या हातात दिली आणि म्हणाला, "खाच तू पाड, हरणाआक्का. डोस्कं तुजं हाय." तिची खाच वाकडी पडली. आकारामची बायको तानुबाई पोट धरून हसली आणि हरणाबाईही हसली. सत्तर सालापर्यंत माझ्या काठावर अकरा खाचा होत्या, आणि खरं सांगायचं तर मला त्यांचा फार गर्व होता.

एकाहत्तरच्या उन्हाळ्यात मेटासमोर जीप थांबली. सांगलीत अवजारांचा कारखाना असलेले लालासाहेब उतरले. माणूस गोड बोलणारा. त्यांनी मला उलटंसुलटं करून पाहिलं, भिंतींवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "मेस्त्री, ही कुणाची अक्कल?"

"हितल्या समद्यांची, सायेब. कुनी भोकं केली, कुनी भिताडं घातली."

"आठ दिवस नेऊ?"

"इच्यारता कशाला? खुंटीवरचं हाय ते."

शब्दाला जागून आठव्या दिवशी त्यांनी मला परत धाडलं. आकारामने सवयीने माझ्या काठावरून अंगठा फिरवला. नवी खाच नव्हती. "बगितलंस का," तो तानुबाईला म्हणाला, "येवढा मोटा कारखानदार, पन त्याला बी ह्यात खोट घावली न्हाई." आणि दिवसभर तो खुशीत शीळ घालत होता. खुंटीवरून नेलेलं आपलं म्हणणारा माणूस त्याने कधी पाहिलेलाच नव्हता, त्याला तरी काय कळणार?

वर्षाच्या आत लालासाहेबांचं लोखंडी चाडं बाजारात आलं. वर बी ओतायला एक तोंड, बाकी चहूबाजूंनी बंद पेटी, झाकणाला रिबिटं आणि रिबिटांवर शिशाचं सील. सील तुटलं तर हमी बाद. उगाच नावं ठेवत नाही, पेटी दिसायला देखणी होती, भोकं एकसारखी होती आणि ती पावसात फुगत नव्हती. पण पोटात भिंती होत्या त्या हरणाबाईच्या, आणि भोकांची तोंडं होती नाथाजीची. पाठोपाठ आकारामला नोटीस आली. ह्या रचनेची नोंदणी लालासाहेबांच्या नावावर झाली आहे, तशी चाडी करणं आणि दुरुस्त करणं ताबडतोब बंद करावं.

आकारामला आधी वाटलं, पोस्टमन चुकला. मग लालासाहेब आणि त्यांचे वकील चावडीवर आले. आकाराम मला काखेत मारून गेला. जे झालं ते मी स्वतः पाहिलं आहे.

"आवं सायेब, ह्यो नमुना तुमी माज्याच खुंटीवरनं न्हेला," आकाराम म्हणाला, "आन् मलाच करू नगं म्हनताय?"

"मेस्त्री, रागावू नका," लालासाहेब शांतपणे म्हणाले. "तुमच्या खुंटीवर तीन वर्षं लटकला, किती गावांत गेला? दहा? वीस? मी यंत्रं आणली, कारागीर ठेवले, पाच जिल्ह्यांत माल धाडतो. उद्या कुणीही उठून तेच करणार असेल, तर मी एवढा घोर जिवाला का लावून घेऊ?"

"लावा की. करा की तुमी बी. तुमाला कोन नगं म्हनलंय? तुमी केलं म्हनून आमी सोडायचं, ह्यो कुटला न्याय?"

लालासाहेबांनी वकिलांना खूण केली. वकिलांनी कागद काढला. ते समजूतदारपणे म्हणाले, "हे बघा, नोंदणीवर हरकत घेता येते. नमुना आधीपासून तुमचा होता असं सांगा, मी लिहून घेतो. बोला, हा नमुना तुमचा?"

मित्रांनो, एका शब्दाचं काम होतं. "व्हय" म्हटलं असतं तर सगळं निभावलं असतं. आकारामने तोंड उघडलं, आणि त्याचा अंगठा माझ्या काठावर फिरू लागला. पाटणच्या माणसाची खाच, हरणाबाईची वाकडी खाच. चावडीच्या पायरीवर खुद्द हरणाबाई बसलेली होती. तिच्यासमोर तिची अक्कल आपल्या नावावर लावायची?

"माजा न्हाई," तो म्हणाला. "समद्यांचा हाय."

"सगळ्यांचा असं लिहायला रकाना नाही," वकील म्हणाले. "एकाचं नाव सांगा. नाहीतर 'माझा नाही' एवढंच लिहावं लागेल."

"पर एकाचा न्हाईच, तर नाव कसं सांगू?"

वकिलांनी 'माझा नाही' एवढंच लिहिलं. खाली आकारामची सही घेतली. मग दुसरा कागद पुढे केला. यापुढे तशी चाडी करणार नाही, उघडणार नाही, रचना कुणाला दाखवणार किंवा सांगणार नाही. सही केली नाही तर सांगलीला कोर्टाच्या खेपा. आकारामने तिथेही सही केली. उजेडात, पंचांच्या समोर, सगळं कसं रीतसर झालं. पायरीवर बसलेल्या लोकांतलं कुणी "थांबा" म्हणालं नाही. हरणाबाईही म्हणाली नाही. ती भिंत आपली आहे असं सांगायचं असतं, हेच तिला ठाऊक नव्हतं.

बहात्तर साली पाऊस पडलाच नाही, तेव्हा चाडं कुणाला लागलं नाही. पाण्याचे टँकर आले, मेंढरं चाऱ्याच्या छावणीला गेली. पुढच्या वर्षी हस्ताचा पाऊस बरा झाला आणि सगळं गाव कुऱ्या घेऊन रानात पळालं. मधल्या काळात लाकडी चाडी चिरफळली होती, कुणी चुलीत घातली होती. नवं करून द्यायचं तर आकाराम सहीने बांधलेला होता, आणि आसपासचे सुतारही नोटिशीच्या धाकाने हात वर करत होते. बहुतेकांकडे लोखंडी पेट्या आल्या होत्या. हरणाबाईकडेही.

पेरणीच्या दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती पेटी डोक्यावर घेऊन मेटात आली.

"आकारामा, मदला नळा बी सोडंना. बग रं जरा बिगी बिगी. वापसा हाय तवर उरकाया पायजे."

वापसा म्हणजे पेरणीपुरता ओलावा. आमच्या रानात तो चार दिवस टिकला तरी नशीब समजायचं. आकारामने पेटी हलवून पाहिली. मधल्या भोकावर काडी अडकली असणार, हे त्याला आवाजावरूनच कळलं. त्याने पेटी खाली ठेवली.

"माज्यानं न्हाई उगडवत, आक्का. लिवून दिलंय म्या. सांगलीचा मिस्त्री यील."

"त्यो सोमवारी येतोय. आज मंगळवार हाय. सोमवारपतोर रान वाळून धोंडा हुईल."

आकारामने पेटी तिच्याकडे सरकवली.

"बरं, तू उगडू नगंस. नुस्तं सांग कुटं आडकलंय. मी उगडती."

"सांगायचं बी न्हाई, आसं लिवलंय."

हरणाबाईचा आवाज चढला. "आरं, त्यातलं भिताड म्या सांगितल्यालं! माजंच डोस्कं, आन् मलाच बगायची बंदी? मग त्यो खुंटीवरला नमुना दे. त्येनंच पेरती."

आकारामने मला खुंटीवरून काढलं. मला वाटलं, आता हा मला तिच्या हातात देईल. माझ्यात तोवर शाळूचा एक दाणा पडला नव्हता, तो आता पडेल. मी एवढा आनंदलो की काय सांगू! त्याने मला हातात धरलं, तिच्याकडे पाहिलं, आणि आत जाऊन ट्रंकेत घातलं. वर तानुबाईची जुनी वाकळ टाकली. झाकण लागलं, तेव्हा हरणाबाई बाहेर एवढंच म्हणाली, "आसं व्हय."

पुढचं मी तानुबाईच्या तोंडून ऐकलं. हरणाबाईने घरी जाऊन पेटीवर धोंडा उचलला, पण हमी बाद होईल म्हणून खाली टाकला. कागदाचा धाक आता तिलाही लागला होता. वापसा थांबत नाही म्हणून तिने दोनच नळ्यांनी तीन एकर पेरलं. सोमवारी मिस्त्री आला, सील तोडलं, चिमट्याने काडी काढली, नवं सील ठोकलं आणि काम समाधानकारक झाल्याबद्दल तिचा अंगठा घेतला. गोडीगुलाबीत सगळं आटपलं. शाळू उगवला तो दोन तासं हिरवी, एक तास कोरं, दोन तासं हिरवी, एक तास कोरं, असा बांधापासून बांधापर्यंत. येणारा जाणारा उभा राहून बघायचा. कडबा पुरला नाही. दुष्काळात छावणीला जगवलेली निम्मी मेंढरं तिला लोणंदच्या बाजारात सोडावी लागली.

आकारामच्या घराची वाट त्याच रानावरून जायची. त्याने वाट बदलली नाही, मान मात्र खाली घातली ती कायमची. पुढे तो बाजेचे दांडे आणि चौकटी तेवढ्या करायचा. एकदा जेवताना तो तानुबाईला म्हणाला, "चावडीत 'माजा' म्हनलो आसतो तर?"

"खोटं झालं आसतं."

"व्हय. पर हरणाआक्काचं रान भरलं आसतं."

तानुबाईने त्याच्या ताटात भाकरी वाढली. मी ट्रंकेतून काय बोलणार? आकाराम चोर नव्हता, लबाड नव्हता. त्याला नुसतं खोटं बोलता आलं नाही, आणि नंतर दिलेला शब्द मोडता आला नाही. ज्याला खोटं जमलं, त्याचा कारखाना वाढला.

मित्रांनो, मला तेलपाणी करा, पुसून ठेवा, असं मी तुम्हांला सांगणार नाही. लाकडाचं काय, ते आज ना उद्या किडणारच. पण चार जणांनी मिळून केलेली गोष्ट तुमच्या हातात असेल, तर ती जपा. जपा म्हणजे लपवू नका, खुशाल वाटा. फक्त वाटण्याआधी कागद घ्या आणि ती करणाऱ्यांची नावं लिहा, बायांचीसुद्धा. खाली लिहा की ही सगळ्यांची आहे, आणि जो घेईल त्यानेही ती उघडीच ठेवायची आहे. हे लिहिण्याला टेंभा मिरवणं म्हणू नका. आणि कुणी म्हणालं की असं लिहायला रकाना नाही, तर सही करू नका. रकाना आखून घ्या, आणि तोवर चावडीची पायरी सोडू नका.