फक्कीच्या भिंती

मुरलीपुऱ्याच्या पुढे, सीकर रोडवरून आत वळलं की जी ओसाड रेताड जमीन लागायची, तिथे आमच्या बापांनी शहर वसवलं होतं. शहर म्हणजे चुन्याच्या रेघा. पंच्याऐंशी साली नगरविकासाच्या कुठल्याशा कार्यालयातून एक साहेब आला, त्याने नकाशा उलगडून शाळा इथे, दवाखाना तिथे, समाजकेंद्र मधोमध, दर घरामागे अमुक माणसं, सन दोन हजार एकपर्यंत तमुक वाढ, असं पेन्सिलीच्या टोकाने दाखवलं, बरोबरच्या मजुरांकडून जमिनीवर चुन्याची फक्की मारून घेतली आणि जीपमध्ये बसून गेला तो गेलाच. रस्ता, पाणी, वीज यांतलं काही आलं नाही. पण सोसायटीतली म्हातारी मंडळी, कुणी रेल्वेतली, कुणी बँकेतली, कुणी विम्यातली, दर रविवारी डबे घेऊन आपापल्या रेघांत जाऊन बसायची.

मी कॉलेज सोडलं होतं, त्यामुळे पिशव्या उचलायला मोकळा होतो. सुरुवातीला हसू यायचं. दारासाठी रेघेत सोडलेल्या फटीपाशी बाबा चपला काढायचे. आई स्वयंपाकघरातून बैठकीत येताना वळसा घालून यायची. मी मुद्दाम भिंती तुडवत आडवा जायचो.

"दार तिकडे आहे," बाबा म्हणायचे.

"पडली का एखादी भिंत?"

शेजारच्या रेघांतून सोसायटीचे सेक्रेटरी गुलाबराव विचारायचे, "दशरथराव, चिरंजीवांना भूमितीत किती मार्क होते हो?" आणि सगळी वसाहत हसायची. हसणारच. जन्मभर दुसऱ्याने घालून दिलेल्या रुळांवरून गेलेली माणसं ही. कोणी रेघ मारून दिली की यांना ते घरच वाटणार.

मे महिन्यात लू सुटली, भाजून काढणारा वारा. डोळ्यांत रेती जात होती, माझा शर्ट शिडासारखा फुगला होता. आई स्वयंपाकघराच्या रेघांत बसून कांदा चिरत होती, आणि तिचा पदर हलत नव्हता. कांद्याची सालं जिथल्या तिथे पडून होती. ती आडोशाला बसली असेल, असं मी मनाशी म्हटलं, आणि मग आडोसा कशाचा ते शोधत राहिलो. पुढच्या रविवारी समाजकेंद्रात सभा झाली. उघड्या माळावर गुलाबरावांचा आवाज घुमत होता, पक्क्या छताखाली घुमतो तसा. मी बाबांना तसं म्हणालो, तर ते म्हणाले, "हॉल मोठा आहे ना."

जूनअखेर बाबा निवृत्त होणार होते आणि रेल्वेचं क्वार्टर सोडावं लागणार होतं. मी म्हटलं, सोसायटीतून नाव काढा, मुरलीपुऱ्यात दोन खोल्या भाड्याने घेऊ, माणसासारखं राहू. त्यांनी उत्तरादाखल मला जागेवर नेलं आणि हात करून एकेक खोली दाखवली: ही बैठक, हे स्वयंपाकघर, ही आमची, ही विभाची, माहेरपणाला आली तर.

"आणि माझी?"

बाबांनी चष्मा पुसला. "तू शिकशील, नोकरीला लागशील, बाहेरगावी राहशील, असं धरून आखलं होतं. योजना पुढचं बघून करतात, राजन. तू तसा निघाला नाहीस, त्याला योजना काय करणार?"

"मतलब मी ओसरीवर झोपू?"

"ओसरी नाही यात." ते टोमणा मारत नव्हते. त्यांनी खरोखर आठवून सांगितलं होतं.

माझं डोकं फिरलं. तडक बाहेर जायला मी रेघेवरून पाय टाकला आणि गुडघा सणकून आपटला. समोर नुसती हवा होती, पलीकडे बाभळी, आणि माझ्या गुडघ्यातून रक्त येत होतं. मागून आलेल्या आईने डबा खाली ठेवला. "काऊन रे असा करतोस? दारातून जा ना."

क्वार्टर सोडलं त्या दिवशी दुपार कलल्यावर सामानाचा टेम्पो माळावर थांबला. ड्रायव्हर म्हणाला, "मकान कहाँ है, बाबूजी?"

"यही तो है," बाबा म्हणाले.

त्याने माझ्याकडे बघितलं. मी नजर चुकवली. आम्ही तिघांनी सामान फटीतून आत नेलं. पत्र्याचं कपाट बाबांनी तिरकं करून भिंतीला टेकवलं आणि ते तसंच तिरकं टेकून राहिलं. ड्रायव्हरने ते बघितलं, भाडं न मोजता खिशात कोंबलं आणि टेम्पोचं इंजिन सुरू केलं. उत्तरेकडून धुळीची आंधी येत होती, आभाळ पिवळं पडलं होतं. माझी वळकटी टेम्पोतच राहिली होती. मी धावत जाऊन ती ओढून काढली.

वळलो तेव्हा बाबा दारात चुन्याचं घमेलं घेऊन उकिडवे बसले होते.

"थांबा, मी येतोय," मी ओरडलो.

"धूळ येते आत," ते म्हणाले, माझ्याकडे न बघता, आणि मुठीतली फक्की सोडत त्या फटीतून रेघ ओढत नेली, सरळ, एकसारखी. एवढ्या वाऱ्यात तिचा कणही उडाला नाही. त्यांच्या मागे आई उठून उभी राहिली.

"अहो, राजन अजून बाहेरच..."

रेघेची टोकं जुळली. आईचे ओठ त्यानंतरही बराच वेळ हलत होते.