मावशी जागची उठली नाही

मित्रांनो, मी एक जुना काटा आहे. घड्याळातला नाही आणि वजनाचाही नाही. मी आवाज मोजतो. काचेमागच्या पिवळ्या पट्टीवर माझं घर आहे. गाणं सुरू झालं की मी उजवीकडे झेपावतो, थांबलं की डावीकडे येऊन निजतो.

ज्या कारखान्यात माझा जन्म झाला, तिथे एका बाईंनी भिंगाखाली केसासारखी बारीक तार माझ्या पायाशी गुंडाळली. मला मुद्दाम थोडं आळशी बनवण्यात आलं. एखादा ठोका क्षणभर वाजला तर मी फारसा हलत नाही; आवाज टिकला तरच त्याच्या मागे जातो. म्हणून माणसाच्या कानाला जे मोठं वाटतं, साधारण तेच मलाही मोठं वाटतं. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत माझ्या या आळसाचं फार कौतुक झालं. "काटा काय म्हणतोय?" असं विचारल्याशिवाय तिथे कुणी गाणं पक्कं करत नसे.

पुढे संगणक आले. लुकलुकणाऱ्या दिव्यांपुढे मला कोण विचारतो? ती खोली बंद झाली आणि मी भंगाराच्या खोक्यात गेलो. तिथून मला उचललं ते ताईने. ताई डीजे आहे. तिच्या मावशीच्या शिवणकामाच्या खोलीवरच्या मजल्यावर ताईचं टेबल आहे. "दिवा छान आहे याचा," म्हणत तिने माझी तार जोडली खरी, पण काम करताना बघायची ती शेजारच्या, आवाज फार वाढला की लागणाऱ्या लाल दिव्याकडे. मी आपला शोभेला.

एका रेडिओ केंद्राने नव्या डीजेंसाठी शनिवारचा एक तास ठेवला होता. ताईने तासभराची गाणी एकमेकांत गुंफून, एका बैठकीत मुद्रित करून पाठवली. ती परत आली. आवाज एकसारखा नाही, शुक्रवारपर्यंत नीट करा, नाहीतर तास दुसऱ्याला देऊ, असा निरोप होता.

"लाल दिवा एकदाही लागला नव्हता," ताई फणकारली. "यांचेच कान तपासायला हवेत."

"मग माझेही तपास," खालून मावशी म्हणाली. "तू दिलेलं मुद्रण इथे लावलं, तर आधी ऐकू येईना म्हणून उठून आवाज वाढवला, मग कान फुटायची वेळ आली म्हणून उठून कमी केला. हातातलं शिवण टाकून मी किती वेळा उठू?"

ताईने संगणकावर सगळं मुद्रण एकदम मोठं केलं. मोठं झालं, सारखं झालं नाही. सगळी भावंडं सारख्याच स्टुलांवर चढली तरी त्यांच्या उंचीतला फरक तसाच राहतो ना, तसं. मग तिने मोठे आवाज दाबले आणि बारीक आवाज वर खेचले. आता सगळं सपाट. ठेका परत येण्याआधी ताई एक शांत जागा ठेवते, तीसुद्धा ठेक्याइतकीच मोठी झाली. ठेका आला तरी आल्यासारखा वाटेना.

मावशी वर येऊन ऐकत उभी राहिली. "इस्त्री छान झाली गं. सुरकुत्या गेल्या. मुद्दाम घातलेल्या चुण्याही गेल्या."

"म्हणजे सुरकुती कुठली आणि चुणी कुठली, ते आधी बघायला हवं," ताई म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिने बाहीने माझी काच पुसली.

तिने मूळ मुद्रण पुन्हा लावलं. पहिल्या गाण्यात ठेका भरात असताना मी मध्याच्याही अलीकडे होतो. पुढच्या गाण्यांत थोडाथोडा उजवीकडे सरकत गेलो आणि शेवटच्या गाण्यात उजव्या भिंतीला टेकलो.

"मावशी, हा बघ कसा चढत गेलाय."

"बराच की. मग चढवला कुणी?"

"मीच," ताई हसली. तासभर कानांवर हेडफोन होते. कान थकत गेले, त्यांना कमी ऐकू येत गेलं आणि प्रत्येक नवं गाणं ती आधीच्याहून किंचित मोठं लावत गेली. लाल दिवा मर्यादा ओलांडली का, एवढंच सांगतो. मर्यादेच्या आतली चढण त्याला काय ठाऊक?

ताईने मग एकेक गाणं हाताने चढवलं-उतरवलं. ठेका भरात असेल तिथे मी मध्यावर यायचो. बदल करायचा तो दोन गाणी एकमेकांत मिसळतात तिथेच, म्हणजे सांधा कळत नाही. शांत जागांना तिने हात लावला नाही. तिथे मी डावीकडे झुकलो की म्हणायची, "झुक बाबा, तो तुझा हक्कच आहे." मधूनमधून हेडफोन काढून ती खिडकीत उभी राहायची.

शुक्रवारी गेलेलं मुद्रण परत आलं नाही. शनिवारी ताईने मलाही खाली नेऊन मावशीच्या रेडिओला जोडलं. मावशीच्या मांडीवर जड पडदा होता, ओठांत टाचण्या होत्या. पहिलं गाणं दुसऱ्यात विरघळलं, दुसरं तिसऱ्यात. शांत जागा आली तेव्हा मावशीचं मशीन आपोआप थांबलं. मी डावीकडे उतरलो. ठेका परतला, मी उसळून थेट मध्यावर आलो आणि मावशीचं मशीन त्याच ठेक्यात धावू लागलं.

तास संपला. मावशीने टाचण्या काढल्या, रेडिओच्या बटणाकडे पाहिलं.

"संपलं? अगं, मी उठलेच नाही की."

असं कौतुक मला ध्वनिमुद्रणाच्या त्या खोलीतही मिळालं नव्हतं.

मित्रांनो, मी थकत नाही, पण तुमचे कान थकतात. त्यांना विश्रांती देत जा. आणि एखाद्या जुन्या उपकरणाची काच पुसाल तेव्हा नुसती पुसू नका, आतही बघा. लाल दिवा अजून माझ्या शेजारी आहे, त्याचंही काम आहेच. पण आता गाणं पक्कं करण्याआधी ताई मान वळवते ती माझ्याकडे, आणि जिन्याखालून मावशी विचारते, "काय गं, काटा काय म्हणतोय?"