हरवलेल्याने बसायचं

जंगलाच्या फाटकाजवळच्या टपरीवर थर्मासमध्ये चहा भरून घ्यायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच वेळ तिने बाबांचा हात सोडला होता. वळून पाहते तर बाक रिकामा. 

या जंगलात बाबांनी तीस वर्षं वनरक्षक म्हणून काढली होती. ही गोल पायवाट त्यांनीच आखलेली: झाडीतून वर चढायचं, माथ्यावर अस्वलांचं कुंपण बघायचं, दरीच्या कडेने उतरून पुन्हा फाटकाशी यायचं. झाडांवरचे पिवळे बाण त्यांच्या हातचे. उलटं कुणी फिरू नये म्हणून वाटेत एकाच बाजूला वळणारी लोखंडी फिरकीही त्यांनीच बसवून घेतलेली. त्यांचे पाय अजून शाबूत होते. डोक्याने मात्र दगा दिला होता. लेकीला कधी ओळखायचे, कधी नाही.

घरात त्यांचा एक कायदा असे. हरवलेल्याने असेल तिथे बसायचं, शोधणाऱ्याने बाणाप्रमाणे चालायचं. सात वर्षांची असताना ती इथेच चुकली, कुंपणापाशी एका सपाट दगडावर बसून राहिली, म्हणून सापडली. तेव्हा आज बाबाही कुठेतरी बसले असणार, हे ती धरूनच चालली.

पहिला फेरा तिने हाका मारत जवळजवळ पळतच केला. प्रत्येक बाक, प्रत्येक ओंडका पाहिला. कुणी नाही. खाली फाटकाशी तिकीटवाला फोन ठेवत म्हणाला, "गावातून माणसं निघालीत, तासभर लागेल." धुकं उतरत होतं आणि बाबांच्या अंगात नुसता स्वेटर होता. ती पुन्हा बाणामागे निघाली.

चढावर पाय मुरगळला. ती रडली, शिव्या दिल्या, चहाला, थर्मासला, स्वतःला, आणि लंगडत कुंपणाशी पोचली. अस्वलांचा रखवालदार जाळीतून गाजरं टाकत होता. नोकरीवर नवाच होता; पहिल्या फेऱ्यात तो तिला दिसला नव्हता.

"एक म्हातारे दिसले का? राखाडी स्वेटर?"

"दोनदा येऊन गेले की. आत्ताच दरीकडे उतरले. त्यांची छोटी मुलगी हरवलीय म्हणाले. मी म्हटलं, इथे कुणी नाही."

 बाबा हरवले नव्हतेच. निदान त्यांच्या हिशेबाने नाही. ते तिला शोधत होते, बाणाप्रमाणे, आणि ती त्यांच्यामागे, बाणाप्रमाणे. शाळेत पंचवीस वर्षं मुलांकडून वर्तुळाची प्रमेयं घोकून घेणाऱ्या बाईला एवढं सुचू नये!

रखवालदार दरीकडे धावला. तिला त्या पायाने धावणं शक्य नव्हतं. मग तिच्या हातात राहिलं काय? ती त्या सपाट दगडाशी गेली आणि बसली.

बसणं चालण्याहून वाईट होतं. दरीची ती वाट हातभर रुंद, धुक्यात कड दिसायची नाही. ते घसरले असतील. आपण बसून राहिलो आणि ते गेले, असं आयुष्यभर म्हणावं लागेल. दोनदा ती उठली, दोनदा बसली. अर्धा तास गेला. रखवालदार परतला नाही. अस्वलंही आत निघून गेली. हात जोडावेत असं कुणी तिला आठवेना, म्हणून तिने ते मांड्यांखाली दाबून धरले.

मग खालच्या चढावर बूट वाजले. ओले, दमलेले बाबा धुक्यातून आले आणि दगडापाशी थबकले. तिला हुंदका आवरेना.

"बाबा, मी बसलेय. इथेच बसलेय."

त्यांनी तिला नीट निरखलं. ओळख काही पटली नाही.

"बाई, तुम्ही हरवलात का?"

मीच तुमची मुलगी, हे शब्द ओठांवर आले होते. पण ते ऐकून ते पुन्हा बाणामागे निघाले असते.

"हो," ती म्हणाली. "हरवलेय."

"मग चला. हरवलेल्या माणसाला मी एकटं सोडत नाही." त्यांनी थंडगार हात पुढे केला. तिने तो दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"आणि तुमची मुलगी?"

"ती थांबेल," बाबा म्हणाले. "तिला शिकवलंय मी. मी येईपर्यंत जागची हलायची नाही."